एकाच घाण्यातली बिअर: काही बाटल्या उसळतात, काही निपचित

तळघरवासी | ८ डिसेंबर, रात्री ९:१५

नमस्कार. मी मिनियापोलिसला राहतो आणि गेली दोन वर्षे घराच्या तळघरात हौसेने बिअर करतो. आजवर बाटल्या भरताना प्रत्येक बाटलीत साखरेची एक तयार गोळी टाकत असे; ती खाऊन यीस्ट बंद बाटलीत वायू तयार करते आणि बिअर फेसाळते. त्या गोळ्या महाग पडतात, म्हणून या वेळी पहिल्यांदाच सगळ्या बिअरमध्ये एकदम साखरेचा पाक घातला आणि तिथेच कुठेतरी माशी शिंकली.

तपशील असा. १९ लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर), किण्वनापूर्वीची घनता १.०५० (यीस्ट साखर खाते तशी ती उतरते), दोन आठवडे २० अंश सेल्सिअसला ठेवल्यावर १.०१२. त्यानंतर गाळ खाली बसावा म्हणून तीन दिवस भांडे गॅरेजमध्ये ठेवले, तिथे पारा २ अंशांवर होता. संकेतस्थळावरच्या गणकात २.४ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या २.४ पट) वायू आणि बिअरचे तापमान २ अंश असे भरले, तेव्हा त्याने ५८ ग्रॅम साधी साखर सांगितली. तिचा पेलाभर पाण्यात पाक उकळला, तो निवू दिला आणि तोटीच्या बादलीत बिअर काढून झाल्यावर वरून ओतला. बिअरमध्ये हवा मिसळू नये म्हणून ढवळण्याचे मुद्दामच टाळले. ३५५ मिलिलिटरच्या ५० बाटल्या भरल्या, बिल्ले (पत्र्याची झाकणे) ठोकले आणि खोकी तळघरात १४ अंशांवर ठेवली.

काल, म्हणजे सोळाव्या दिवशी, एक बाटली उघडली, तर अर्धी बिअर ओट्यावर गेली. घाबरत दुसरी उघडली, तर ती फोडणी विसरलेल्या वरणासारखी निपचित. हा जंतुसंसर्ग आहे का, आणि सगळा घाणा ओतून द्यावा लागेल का?

लीड्सकर | ८ डिसेंबर, रात्री ११:०२

काहीही ओतू नका. संसर्ग असता तर साधारणपणे सगळ्याच बाटल्या आज ना उद्या उसळू लागल्या असत्या आणि चवीला आंबटपणा किंवा औषधी वास आला असता.

माझा पहिला संशय तळघरावर आहे. १४ अंशांना एलचे यीस्ट कूर्मगतीने चालते. सगळी खोकी घरातल्या उबदार खोलीत न्या, २० ते २२ अंशांवर आणखी दोन आठवडे विसरून जा, आणि मग पुन्हा पाहा.

ओरेगनवाला | ९ डिसेंबर, सकाळी ७:३०

तळघरवासी, खोकी हलवण्याआधी कृपया थांबा. लीड्सकरांचा सल्ला निपचित बाटल्यांसाठी योग्य आहे. परंतु जी बाटली १४ अंशांवरच कारंजे उडवते, तिच्या जोडीदारणी उबदार खोलीत नेणे धोक्याचे ठरू शकते. आधी तीन गोष्टी सांगा. उसळलेली आणि निपचित बाटली कोणत्या खोक्यांतली होती? भरतानाचा क्रम तुम्हांला आठवतो का? आणि १.०१२ ही घनता एकदाच मोजली होती, की काही दिवसांच्या अंतराने पुन्हा तीच आली होती?

शेवटचा प्रश्न मी स्वानुभवावरून विचारतो आहे. चार वर्षांपूर्वी मी एक सेझों (बेल्जियन धाटणीची बिअर) केली होती. घनता १.००८ वर आल्यावर किण्वन संपले असे गृहीत धरून बाटल्या भरल्या. ते यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारचे होते, म्हणजे एरवी बिअरचे यीस्ट ज्या लांब साखळ्यांच्या शर्करांना हात लावत नाही, त्यांचेही तुकडे करून ते सावकाश खात राहते. घनता १.००२ पर्यंत उतरली. घनतेचा एक अंश, म्हणजे १.००८ वरून १.००७, उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. सहा अंशांचे तीन व्हॉल्यूम, वर मी साखरेने आणलेले अडीच. कपाटात एका रात्रीत चार बाटल्या फुटल्या आणि काचेचा एक तुकडा लाकडी दारात रुतलेला सापडला. दार उघडे असते आणि कोणी समोर उभे असते, तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

तळघरवासी | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

घनता चार-चार दिवसांच्या अंतराने तीनदा मोजली होती आणि तिन्ही वेळा १.०१२ च आली. यीस्टही नेहमीचेच अमेरिकन एलचे आहे. बारा-बारा बाटल्यांची चार खोकी भरली, दोन बाटल्या सुट्या राहिल्या, आणि खोक्यांवर भरल्याच्या क्रमाने आकडे टाकले आहेत. उसळलेली बाटली पहिल्या खोक्यातली होती, निपचित चौथ्या. चवीला दोन्ही ठीक आहेत, आंबटपणा मुळीच नाही.

ओरेगनवाला | ९ डिसेंबर, रात्री ८:२०

मग तुमच्या उत्तरातच निदान आहे. साखरेचा पाक बिअरपेक्षा जड असतो. भरलेल्या बादलीत तो वरून ओतला आणि ढवळला नाही, तर तो सरळ तळाशी जाऊन बसतो, आणि तुमची तोटीही तळाशीच आहे. पहिल्या काही बाटल्यांत पाकाचा मोठा वाटा गेला आणि उरलेल्या बाटल्यांना जवळजवळ नुसती बिअर मिळाली.

आकडे मांडून पाहू. १ व्हॉल्यूम म्हणजे एका लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड, वजनात सुमारे २ ग्रॅम. साध्या साखरेच्या एका ग्रॅममधून साधारण अर्धा ग्रॅम वायू मिळतो, म्हणून लिटरमागे एक व्हॉल्यूम वाढवायला ३.८ ग्रॅम साखर लागते. दुकानात मिळणाऱ्या डेक्स्ट्रोजमध्ये थोडे पाणी बांधलेले असते, त्यामुळे त्याचे ४.४ ग्रॅम घ्यावे लागतात. आता समजा, ५८ पैकी अर्धी साखर पहिल्या सहा बाटल्यांत गेली. तेवढ्या बिअरला लिटरमागे साडेतेरा ग्रॅम साखर झाली, आणि बिअरमध्ये आधीपासून विरघळलेला वायू धरून हिशेब ४.४ व्हॉल्यूमवर पोहोचतो. साध्या ३५५ मिलिलिटरच्या बाटलीवर मी तीन-साडेतीनच्या वर भरवसा ठेवत नाही. उरलेल्या ४४ बाटल्यांना मात्र जेमतेम १.३.

म्हणून पहिले खोके उबदार खोलीत नेऊ नका. ते आजच फ्रिजमध्ये ठेवा. ४.४ व्हॉल्यूमच्या बाटलीतला दाब २० अंशांना सुमारे सव्वाचार बार असतो. तीच बाटली २ अंशांवर आणली की तो पावणेदोन बारपर्यंत उतरतो, म्हणजे नेहमीच्या बाटलीचा खोलीच्या तापमानाला असतो तेवढा. शिवाय थंडीत यीस्टही झोपते. बाटल्या हलवताना जाड हातमोजे आणि चष्मा घाला, आणि खोक्यावर जुनी चादर टाका. हे सांगताना मला स्वतःलाच अतिरेक वाटतो, परंतु ते दार मी पाहिले आहे.

इझारकाठ | १० डिसेंबर, दुपारी १:१०

निदान पटले; परंतु यात दुसरी चूकही लपलेली आहे, आणि ती दुरुस्त केली नाही तर पुढच्या वेळी कितीही नीट ढवळले तरी बिअर मवाळच राहील.

गणकात तापमान कशासाठी विचारतात? किण्वन संपल्यावरही बिअरमध्ये काही वायू विरघळलेला राहतो, आणि तो किती, हे तापमानावर ठरते. २० अंशांना सुमारे ०.८५ व्हॉल्यूम, २ अंशांना १.६ च्या आसपास. तुम्ही २ अंश भरले, म्हणून गणकाने १.६ आधीच आहेत असे समजून उरलेल्या ०.८ पुरती साखर सांगितली. वस्तुतः तुमचे किण्वन २० अंशांना संपले आणि जादा वायू एअरलॉकमधून, म्हणजे भांड्यावरच्या एकदिशा झडपेतून, तेव्हाच निघून गेला. नंतर भांडे गार केले, तेव्हा नवा वायू तयार करणारे कोणी उरले नव्हते. थंड बिअरमध्ये जास्त वायू मावतो हे खरे, पण मावतो म्हणजे असतो असे नव्हे; डबा मोठा घेतला म्हणून लाडू वाढत नाहीत. गणकात नेहमी किण्वनाच्या शेवटाचे सर्वांत जास्त तापमान भरायचे. तसे भरले असते, तर १९ लिटरला ११० ग्रॅमच्या थोडी वर साखर आली असती, म्हणजे तुम्ही घातली त्याच्या जवळजवळ दुप्पट.

गंमत अशी की पहिल्या चुकीच्या जोडीला ही दुसरी नसती, तर पहिल्या खोक्यातल्या काही बाटल्या एव्हाना फुटल्या असत्या.

लीड्सकर | १० डिसेंबर, दुपारी ३:४०

उबदार खोलीचा सरसकट सल्ला मी मागे घेतो. खोक्यांचा क्रम विचारण्याचे मला सुचले नाही.

तरीही एक सांगावेसे वाटते. नीट ढवळले असते, तर हाच घाणा १.६५ व्हॉल्यूमवर स्थिरावला असता, आणि इकडे यॉर्कशरमध्ये बिटरला तेवढाच वायू शोभतो. सगळ्याच बिअरने सोड्यासारखे नाकात जावे, हा आग्रह मला अजून समजलेला नाही. विशेष म्हणजे सोड्याचे मूळही याच गावात आहे. १७६७ साली लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली यांचे बिऱ्हाड बिअरच्या भट्टीला लागून होते. किण्वनाच्या पिंपावर जमणाऱ्या वायूत पाण्याचे भांडे धरून त्यांनी पाण्यात तो वायू मुरवून पाहिला.

मी स्वतः पाकाच्या भानगडीत पडतच नाही. ५०० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीत सपाट अर्धा चमचा साखर, वर बिअर, वर बिल्ला. तीस वर्षांत एकही बाटली फुटलेली नाही.

इझारकाठ | १० डिसेंबर, संध्याकाळी ५:२५

लीड्सकर, तुमचा चमचा तुम्हांला पावतो, कारण तुमचे उद्दिष्टच कमी आहे. अर्ध्या चमच्यात सुमारे २ ग्रॅम साखर बसते, अर्ध्या लिटरला तिचा एक व्हॉल्यूम होतो, आणि आधीचे ०.८५ धरून १.९. त्यात चमचा कधी शिगोशीग भरला, तरी तुम्ही अडीचच्या आतच राहाल. मी म्युनिकमध्ये गव्हाची बिअर करते, तिला मी ३.३ व्हॉल्यूम देते. तिथे चमच्याचा अंदाज चुकला, तर मला बाटलीच्या मर्यादेशी खेळावे लागेल.

इकडची जुनी पद्धत मला अधिक भावते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. १५१६ च्या बव्हेरियन फर्मानात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक सांगितले होते, आणि बाहेरची साखर न घालण्याची शिस्त इथे आजही अभिमानाने पाळली जाते. मग बाटलीत यीस्टला खायला काय द्यायचे? त्याच घाण्याचा, यीस्ट घालण्यापूर्वी बाजूला काढून ठेवलेला माल्टचा गोड काढा. त्याला स्पाइझे म्हणतात, म्हणजे शब्दशः अन्न. १.०५० घनतेचा काढा पुढे १.०१२ पर्यंत उतरणार असेल, तर त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे १९ व्हॉल्यूमची ऐपत असते. म्हणून २० लिटरच्या घाण्यात मी सुमारे अडीच लिटर काढा मिसळते. तो गोठवून ठेवते आणि वापरण्यापूर्वी पुन्हा उकळते, कारण हा काढा जंतूंनाही तितकाच आवडतो. भरते ती बिअर मात्र जाड काचेच्या, गव्हाच्या बिअरसाठीच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांतच.

गोटीसोडा | ११ डिसेंबर, सकाळी १०:००

मी पुण्याचा. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा असल्यामुळे माझा सहभाग वाचनापुरताच आहे, तरी एक शंका विचारतो. लहानपणी पाहिलेल्या गोटी सोड्यात यंत्राने भरलेल्या वायूचा दाबच गोटीला वर ढकलून रबरी चकतीवर घट्ट बसवत असे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये त्या बाटलीचे पेटंट घेतले होते. तुमच्या बाटलीत मात्र वायू करणारे यीस्टच आहे. मग तीन दिवस गारठवून यीस्ट तळाशी बसवल्यावर बाटलीत काम करायला उरते कोण?

ओरेगनवाला | ११ डिसेंबर, रात्री ८:०५

रास्त शंका आहे. डोळ्यांना आरपार स्वच्छ दिसणाऱ्या बिअरमध्येही यीस्टच्या लक्षावधी पेशी तरंगत असतात आणि बाटलीतल्या चिमूटभर साखरेला त्या पुरतात. गारठवल्यामुळे फार तर काही दिवस जास्त लागतात. अनेक महिने मुरवलेली किंवा नऊ-दहा टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल असलेली बिअर असेल, तरच भरताना थोडे ताजे यीस्ट घालणे शहाणपणाचे. तळघरवासींच्या बाबतीत यीस्ट निर्दोष आहे.

कायद्याचे म्हणाल, तर आम्हांलाही हे नेहमीच मोकळे नव्हते. अमेरिकेत घरगुती बिअरला करमुक्त मोकळीक देणाऱ्या कायद्यावर कार्टर यांची सही १९७८ मध्ये झाली, आणि अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी तर २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली.

तळघरवासी | ११ डिसेंबर, रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. पहिले खोके काल रात्रीच, चादरीत गुंडाळून, तळघरातल्या जादा फ्रिजमध्ये ठेवले. बाकीच्या बाटल्या आता उघडून त्यांत थोडी-थोडी साखर घालावी असा विचार आहे. किती घालू?

ओरेगनवाला | ११ डिसेंबर, रात्री १०:१०

आज काहीही घालू नका. त्या बाटल्यांतली मूळ साखर १४ अंशांना पूर्ण खाऊन झाली आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. ती शिल्लक असताना वर नवी साखर घातली, तर महिन्याभराने तुम्ही याच धाग्यावर फुटलेल्या बाटल्यांची छायाचित्रे टाकाल. दुसरे, तिसरे आणि चौथे खोके २१ अंशांवर दोन आठवडे ठेवा. त्यानंतर प्रत्येक खोक्यातली पहिली आणि शेवटची बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये गार करून उघडा. गार करण्याची घाई नको. झाकणाखालच्या पोकळीतला वायू बिअरमध्ये नीट मुरायला तेवढा वेळ लागतो, आणि कोमट बाटली उघडून केलेला न्याय नेहमीच चुकतो.

साखर घालायची वेळ आलीच, तर कोरडी टाकू नका. साखरेच्या कणांभोवती वायू एकदम सुटतो आणि बाटली तुमच्या हातात फेसाळते. १०० ग्रॅम साखरेचा बरोबर २०० मिलिलिटर पाक करा, उकळून गार करा, आणि सुई नसलेल्या स्वच्छ सिरिंजने मोजून सोडा. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीला एक व्हॉल्यूम वाढवायला असा पाक २.७ मिलिलिटर लागतो.

इझारकाठ | १२ डिसेंबर, सकाळी ११:५०

पहिल्या खोक्यासाठी एक उपाय आहे, तो संयमाचा आहे. पूर्ण गार झालेली बाटली बादलीत उभी धरून बिल्ल्याची एकच कड उघडणीने किंचित उचलायची. फुस्स आवाज येऊन फेस गळ्यापर्यंत चढू लागला की कड सोडून द्यायची, तो बसला की पुन्हा उचलायची. पाच-सहा वेळा असे केल्यावर नवा बिल्ला ठोकायचा. यात थोडी हवा आत जाते, म्हणून अशा बाटल्या लवकर संपवाव्यात, नाहीतर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

हवेच्या त्याच भीतीने तुम्ही ढवळणे टाळले होते, म्हणून सांगते: पाक आधी रिकाम्या बादलीत ओतावा आणि नळी तळाशी टेकवून बिअर त्यावर गोल फिरत उतरू द्यावी, म्हणजे निम्मे मिश्रण आपोआप होते. मग निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने, पृष्ठभाग न फोडता, आठ-दहा सावकाश फेरे. वरण घोटल्यासारखे नव्हे, खिरीत वेलदोडा मिसळल्यासारखे.

लीड्सकर | १२ डिसेंबर, दुपारी २:१५

एक सोपी युक्ती जोडतो. प्रत्येक घाण्यातली एक बाटली काचेऐवजी सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा आणि टोपी लावण्याआधी ती दाबून आतली हवा काढा. वायू तयार होऊ लागला की ती आपोआप फुगते. दगडासारखी टणक लागली, की काचेच्या बाटल्याही त्याच टप्प्यावर आल्या असे समजावे. काहीही उघडावे लागत नाही. या बाबतीत इझारकाठांनाही हरकत नसावी.

इझारकाठ | १२ डिसेंबर, दुपारी २:४०

नाही. चमच्याबद्दल मात्र अजून आहे.

तळघरवासी | २८ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

दोन आठवडे झाले. दुसऱ्या खोक्यातली पहिली बाटली आश्चर्य वाटण्याइतकी चांगली निघाली. पाक तिथवर पोहोचला होता. त्याच खोक्यातली शेवटची बाटली फिकी. तिसऱ्या आणि चौथ्या खोक्यांत बारीक चुळबुळ आहे, पण फेस ग्लासात ठरत नाही. म्हणजे उबेने थोडा फरक पडला, खरी उणीव साखरेचीच होती. चौथ्या खोक्यातल्या सहा बाटल्यांत आज प्रत्येकी २.७ मिलिलिटर पाक सोडून नवे बिल्ले ठोकले. बाकीच्यांना अजून हात लावलेला नाही.

पहिल्या खोक्यात अकरा बाटल्या उरल्या होत्या. इझारकाठांच्या पद्धतीने पाच बाटल्यांचा वायू कमी केला. त्यातली पहिली पाच वेळा कड उचलल्यावरही फुसफुसत होती. उरलेल्या सहांना साधी फुस्स झाली, म्हणजे पाकाचा जोर पहिल्या अर्ध्या डझनातच होता. ओरेगनवाला यांनी केवळ समजा म्हणून मांडलेला आकडा जवळजवळ तंतोतंत उतरला.

तळघरवासी | १९ जानेवारी, रात्री ८:५०

प्रयोगाच्या सहापैकी दोन बाटल्या काल उघडल्या. फेस दोन बोटे चढला आणि ग्लास निम्मा होईपर्यंत टिकला. आज उरलेल्या बाटल्यांनाही तेवढाच पाक दिला; फक्त दुसऱ्या खोक्यातल्या पहिल्या काही बाटल्या होत्या तशाच ठेवल्या.

पुढचा घाणा पोर्टरचा आहे. घनता १.०१४ वर सलग आठवडाभर स्थिर आहे आणि भांडे या वेळी गॅरेजमध्ये गेलेले नाही. शनिवारी बाटल्या भरेन, तेव्हा गणकात २० अंश आणि २.१ व्हॉल्यूम भरणार आहे, आणि एक बाटली प्लॅस्टिकची असेल.

लीड्सकर | २० जानेवारी, दुपारी १२:३०

पोर्टरला २.१ जरा जास्तच वाटतात. पण तुमची बिअर, तुमचे नाक.